एकी करावी, पण आपल्या कारखान्यात

अभिनंदन! युरोपातल्या एका मध्यम आकाराच्या देशाचं संरक्षण खातं तुमच्या गळ्यात पडलं आहे. आघाडी सरकारात अर्थखातं मोठ्या पक्षाने नेलं, परराष्ट्र खातं रुसलेल्या पक्षाने नेलं, उरलं ते तुम्हाला आलं. वाईट वाटून घेऊ नका. पूर्वी या खात्यात संचलनाच्या दिवशी तासभर उभं राहण्यापलीकडे फारसं काम नसे. २०२२च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर चढाई केली आणि खात्यात पैसा आला. पैशामागून वाद आला. शस्त्रं ज्याने त्याने आपापली बनवायची, की सगळ्या युरोपने मिळून? तुम्हाला दोन्ही बाजूंनी तितक्याच कळकळीने बोलता आलं पाहिजे. मुरलेल्या मंत्र्याला ते एकाच भाषणात जमतं.

युरोपीय संघाचा कारभार जिथून चालतो त्या ब्रसेल्सला उतरलात की एकीवर बोला. ‘गाव करी ते राव न करी’ याला तुमच्या भाषेत जी म्हण असेल ती घाला. जोडीला आकडे लागतात, ते तयार मिळतात. युरोपीय आयोगाने २०१७ साली हिशेब मांडला होता: युरोपात १७८ प्रकारच्या शस्त्रप्रणाली, अमेरिकेत ३०. रणगाडे इकडे १७ प्रकारचे, तिकडे एका प्रकारचा. २०२४ साली इटलीचे माजी पंतप्रधान मारिओ द्रागी यांनी आपला जाडजूड अहवाल दिला, त्यात रणगाड्यांचे प्रकार १२ भरले. मधले पाच कुठे गेले याची चौकशी करत बसू नका. मोजणारा बदलला की आकडा बदलतो, उसासा तोच राहतो.

त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे, तो पाठच करा. जून २०२२ ते जून २०२३ या वर्षभरात युरोपीय संघाच्या देशांनी शस्त्रखरेदीसाठी जे सुमारे ७५ अब्ज युरो मोजले, त्यातले ७८ टक्के संघाबाहेरच्या कंपन्यांकडे गेले. नुसत्या अमेरिकेकडे ६३ टक्के. हे वाचून दाखवताना आवाज थोडा खाली आणा. घरी आल्यावर मात्र दुसरा कागद काढा. लंडनच्या आयआयएसएस या अभ्याससंस्थेने नाटोतल्या युरोपीय देशांची फेब्रुवारी २०२२ ते सप्टेंबर २०२४ मधली कंत्राटं तपासली, तेव्हा किमान ५२ टक्के पैसा युरोपीय शस्त्रांवरच खर्च झालेला दिसला. काळ वेगळा, देश वेगळे, मोजमाप वेगळं. त्यामुळे दोन्ही आकडे खरे असू शकतात. मंत्र्याला याहून सोयीची परिस्थिती कोणती? उपदेश करायचा असेल तेव्हा ७८, पाठ थोपटून घ्यायची असेल तेव्हा ५२.

आता घरचं. तुमच्या देशात एक तरी शस्त्रकारखाना असेलच, आणि तो कुठल्या तरी नाजूक मतदारसंघात असेल. त्याचा रणगाडा महाग असो, सुटे भाग मिळायला दोन वर्षं लागोत, तो ‘सार्वभौमत्वाचा कणा’ आहे. शेजारच्या देशात असाच कारखाना असेल तर ते मात्र ‘बाजारपेठेचं विखंडन’. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे औद्योगिक धोरण युरोपात सत्तर वर्षं चालू आहे आणि त्याला कायद्याचं भक्कम पाठबळ आहे.

ते पाठबळ म्हणजे युरोपीय संघाच्या करारातलं कलम ३४६. खुर्चीवर बसल्याच्या पहिल्या रात्री तेवढं वाचा, बाकीचा करार नाही वाचलात तरी चालेल. जी माहिती दिल्याने सुरक्षेच्या मूलभूत हिताला बाधा येईल असं एखाद्या देशाला वाटलं, ती देण्याची सक्ती त्याच्यावर नाही. शस्त्रं, दारूगोळा आणि युद्धसामग्री यांच्या उत्पादनाबाबत व व्यापाराबाबत त्याला आवश्यक वाटतील ते उपाय तो करू शकतो. कोणाला वाटतील? त्यालाच. कशाकशाला हे लागू, त्याची यादी १९५८ साली केलेली आहे. म्हणजे साबण, चीज, मोटारी यांच्या बाजारात सगळा युरोप एक. तोफ आली की ज्याचा त्याचा उंबरठा. २००९ साली संरक्षण खरेदीचे सामायिक नियम करणारा निर्देश निघाला, खुल्या निविदा काढा म्हणून. पण ३४६ जागेवरच आहे, आणि ज्या दिवशी शेजाऱ्याचा माल स्वस्त निघेल त्या दिवशी तुमचे कायदा सल्लागार तुम्हाला त्याची आठवण करून देतील.

इतिहासाचा दाखला मागितला तर १९५४ सांगा. फ्रान्सने युरोपच्या सामायिक सैन्याची कल्पना मांडली, सहा देशांनी २७ मे १९५२ रोजी पॅरिसमध्ये सह्या केल्या, आणि ३० ऑगस्ट १९५४ रोजी फ्रान्सच्याच संसदेने तो करार बाजूला सारला. ज्याने नारळ फोडला, त्यानेच मांडव मोडला. तेव्हापासून युरोपात एकीची कल्पना कोणी मांडली की बाकीचे सगळे आधी मांडणाऱ्याकडेच बघतात.

पण मंत्रिपदाची खरी चव लढाऊ विमानात आहे. ऐंशीच्या दशकात ब्रिटन, पश्चिम जर्मनी, फ्रान्स, इटली आणि स्पेन मिळून एक विमान बनवणार होते. फ्रान्सला विमानवाहू जहाजावर उतरू शकेल असं थोडं हलकं विमान हवं होतं आणि आराखड्याची सूत्रं आपल्या दसॉ कंपनीकडे हवी होती. इतरांना हे पटेना. १९८५ साली फ्रान्स बाहेर पडला आणि त्याने राफेल केलं. उरलेल्या चौघांनी युरोफायटर केलं. स्वीडन आपलं ग्रिपेन घेऊन आधीपासूनच स्वतंत्र.

याचं फळ दिल्लीत दिसलं. भारताने १२६ विमानांची निविदा काढली तेव्हा सहा स्पर्धकांपैकी तीन युरोपचे होते आणि तिघं एकमेकांच्या विरोधात उभे होते. २०११च्या एप्रिलमध्ये शेवटच्या दोघांत उरले राफेल आणि युरोफायटर. पंचवीस वर्षांपूर्वीची युरोपची भाऊबंदकी आपल्या साउथ ब्लॉकच्या टेबलावर निकालाला आली. २०१२ साली राफेल स्वस्त ठरलं, बोलणी रेंगाळली, ती निविदाच पुढे गुंडाळली गेली आणि २०१६ साली ३६ राफेल घेतली. मधल्या काळात आपल्या अधिकाऱ्यांना भाव पाडून मागायला दोन युरोप मिळाले. अशी सोय एका युरोपने कधीच केली नसती.

आणि खरं सांगायचं, तर फ्रान्स चुकला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. राफेल इजिप्त, कतार, ग्रीस, अमिराती, इंडोनेशियापर्यंत विकलं गेलं, आणि विकताना फ्रान्सला कुणाच्या परवानगीची वाट पाहावी लागली नाही. उलट ब्रिटनला सौदी अरेबियाला आणखी युरोफायटर द्यायची होती, तर भागीदार जर्मनीने कित्येक वर्षं हरकत धरून ठेवली; ती २०२४च्या जानेवारीत उठली. एकट्याने जाण्याचा खर्च दिसतो, सोबत जाण्याचा खर्च असा नंतर कळतो. हे वाक्य मात्र तुम्ही ब्रसेल्समध्ये बोलू नका.

सोबत गेलातच, तर कामाच्या वाटपाचं शास्त्र शिकून घ्या. नियम सोपा: जो देश जितकी विमानं घेईल, तितकं काम त्याच्या कारखान्यांना. त्यामुळे सुरुवातीला ऑर्डर भरघोस नोंदवा. जर्मनीने युरोफायटरची २५० विमानं नोंदवली आणि ३३ टक्के काम मिळवलं. शीतयुद्ध संपलं, विमानांची गरज कमी झाली, कामाची मात्र झाली नाही. बरीच ओढाताण होऊन जर्मनी १८० विमानांवर आणि ३० टक्के कामावर थांबला. अंतिम जुळणीचे कारखाने चार, कारण देश चार: ब्रिटनमध्ये वॉर्टन, जर्मनीत मांचिंग, इटलीत तुरिनजवळ कासेले, स्पेनमध्ये हेताफे. आपल्याकडे सामायिक विहिरीवर पाण्याच्या पाळ्या लावतात. इथे पाळ्यांचा तंटा आधी मिटवतात, मग विहीर कुठे खणायची ते बघतात. हा हिशेब सुटावा म्हणून १९९६ साली ओकार नावाची संस्था काढली. दर प्रकल्पात वाटा मोजायचा नाही, अनेक प्रकल्पांचं मिळून अनेक वर्षांत जमवायचं, असं ठरलं. तत्त्व उत्तम आहे. आपल्या वाट्याचं काम पुढच्या प्रकल्पात येईल यावर विश्वास ठेवणारा मंत्री तेवढा अजून सापडायचा आहे.

मराठी वाचकाने इथे युरोपीयांना हसू नये. २०२२च्या ऑक्टोबरात सी-२९५ या मालवाहू विमानाचा टाटा-एअरबस प्रकल्प वडोदऱ्याला जाहीर झाला तेव्हा आपण काय केलं ते आठवा. विमान मूळ स्पेनच्या सेव्हिलमध्ये जुळणारं, कंत्राट २१,९३५ कोटींचं, एकूण ५६ पैकी ४० विमानं भारतात व्हायची. हवाई दलाला विमान मिळणार याचा आनंद महाराष्ट्रात कितीसा झाला? ‘नागपूरच्या मिहानमधला प्रकल्प पळवला’ यावर महिनाभर रान पेटलं होतं. कोणाच्या काळात पळाला, हा त्यातला पोटवाद. आपण तर एकाच राष्ट्रगीताला उभे राहणारे लोक. जर्मन कामगार संघटनेला फ्रेंच कारखान्याबद्दल काय वाटत असेल, हे कळण्यासाठी आपल्याला समाजशास्त्र शिकायची गरज नाही.

पुन्हा तुमच्याकडे वळू. जुन्या विमानाचा धडा घेऊन नवीन विमान सुरू झालं आहे. २०१७ साली मॅक्राँ आणि मर्केल यांनी ते जाहीर केलं, २०१९ साली स्पेन आला, आणि ते २०४०च्या सुमारास सेवेत आणायचं ठरलं. फ्रान्सकडून दसॉ, जर्मनी आणि स्पेनकडून एअरबस. तिघांचा वाटा सारखा म्हटलं की एअरबसकडे दोन देशांची मतं जातात. दसॉचे प्रमुख हे कधीपासून बोलून दाखवत आहेत. २०२५ साली नेतृत्व कोणाचं यावरून भांडण पार चव्हाट्यावर आलं. दरम्यान ब्रिटन आणि इटलीने जपानला घेऊन २०२२च्या डिसेंबरमध्ये वेगळाच घरोबा केला, त्यांचं विमान २०३५चं. म्हणजे पुढच्या पिढीतही युरोपची निदान दोन विमानं निविदेत समोरासमोर असतील. दिल्लीतल्या अधिकाऱ्यांनी निश्चिंत असावं.

तुमच्या वाट्याला विमान न येता हेलिकॉप्टर आलं, तर ‘राष्ट्रीय गरजा’ हे शब्द वापरा. सगळ्यांनी मिळून एकच यंत्र घ्यायचं ठरतं तेव्हा तुमचा दरवाजा दोन बोटं रुंद हवा, तुमचा रेडिओ तुमच्याच कंपनीचा हवा, तुमचं आसन तुमच्या नियमांप्रमाणे हवं असं कळवा. एनएच-९० या हेलिकॉप्टरच्या या मार्गाने वीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या. नॉर्वेने २००१ साली १४ मागवली होती. २०२२ साली त्याने कंटाळून करार मोडला, हेलिकॉप्टरं परत न्या आणि पैसे परत द्या म्हणून सांगितलं, आणि पुढच्या वर्षी सहा अमेरिकन सीहॉक मागवली. युरोड्रोनची तऱ्हा अशीच. दाट वस्तीवरून सुरक्षित उडावं म्हणून जर्मनीच्या आग्रहाने त्याला दोन इंजिनं लागली, आणि फ्रेंच सिनेटर त्याच्या वजनाबद्दल कुरकुरू लागले.

ए-४००एम या मालवाहू विमानाचा किस्सा तुम्हाला जेवणाच्या टेबलावर उपयोगी पडेल. २००३ साली सात देशांनी १८० विमानांचं, सुमारे २० अब्ज युरोंचं कंत्राट दिलं. इंजिनासाठी कॅनडातल्या कंपनीची बोली स्वस्त होती. मग राजधान्यांतून फोन गेले आणि काम चार युरोपीय कंपन्यांच्या नव्या आघाडीला मिळालं. इतक्या मोठ्या टर्बोप्रॉप इंजिनाचा पूर्वानुभव पश्चिमेत कोणालाच नव्हता, त्यामुळे स्पर्धा बरोबरीची झाली असं म्हणू. विमान २००९च्या डिसेंबरमध्ये पहिल्यांदा उडालं, फ्रान्सला पहिलं मिळालं २०१३ साली, आणि मधे २०१० साली ग्राहक देशांना आणखी साडेतीन अब्ज युरो काढावे लागले. आज ते चांगलं काम करतं, हेही सांगा. नाहीतर यजमान स्पॅनिश निघायचा, आणि विमानाची जुळणी त्याच्याच देशात होते.

इतका वेळ शांततेच्या काळातली कौशल्यं झाली. युद्ध चालू असताना काय करायचं, याचा वस्तुपाठ तोफगोळ्यांनी घालून दिला आहे. २०२३च्या फेब्रुवारीत एस्टोनियाने सुचवलं की सगळ्यांनी मिळून युक्रेनला दहा लाख गोळे द्यावेत. स्वतःकडे मोठा शस्त्रकारखाना नसलेल्या देशालाच अशा भाबड्या कल्पना सुचतात. मार्चमध्ये बारा महिन्यांचा वायदा झाला. लगेच प्रश्न आला: सामायिक पैशातून गोळे फक्त युरोपीय कारखान्यांतून घ्यायचे, की जिथे मिळतील तिथून? फ्रान्स पहिल्या बाजूला, घाईत असलेले दुसऱ्या. खरेदीचे नियम ठरेपर्यंत मे उजाडला. युक्रेनच्या तोफा तोवर अर्थातच नियमांची वाट पाहत नव्हत्या. मुदत संपली तेव्हा दहा लाखांपैकी साधारण निम्मे पोचले होते. त्याआधी नोव्हेंबरमध्ये संघाचे तेव्हाचे परराष्ट्र धोरण प्रमुख जोसेप बोरेल यांनी सांगून टाकलं होतं, की युरोपच्या कारखान्यांतला सुमारे ४० टक्के माल तिऱ्हाईत देशांना निर्यात होतो. शेवटी २०२४च्या फेब्रुवारीत चेक राष्ट्राध्यक्ष पेत्र पावेल म्युनिकच्या परिषदेत उठले आणि म्हणाले, आम्हाला युरोपबाहेर आठ लाख गोळे सापडले आहेत, कोणी पैसे देता का?

गोळा पोचला तरी तो कुठल्या तोफेत बसतो हा पुढचा विषय. १५५ मिलिमीटर हे नाटोचं प्रमाण आहे, पण त्यापासून वेगळं वागायचा हक्क अनेक देशांनी राखून ठेवला आहे. एकट्या १५५च्या दहा प्रकारच्या तोफा संघाच्या देशांनी युक्रेनला दिल्या. युरोपचं संरक्षण औद्योगिक धोरण समजून घ्यायचं असेल तर ब्रसेल्सच्या कागदांपेक्षा त्या तोफांचे सुटे भाग शोधणाऱ्या युक्रेनियन मेकॅनिकला विचारावं. पण तुम्ही मंत्री आहात, तुम्ही कागद वाचा.

तुमचा देश पूर्वेकडे असेल, रशियाची सीमा गाडीने काही तासांवर असेल, तर वरचं सगळं विसरलात तरी मी तुम्हाला दोष देणार नाही. पोलंडने २०२२च्या जुलैत दक्षिण कोरियाशी हजार के-२ रणगाड्यांपर्यंतचा आराखडा करार केला, ऑगस्टमध्ये पहिल्या १८०चं कंत्राट दिलं आणि डिसेंबरमध्ये पहिले रणगाडे ग्दिनियाच्या बंदरात उतरले. फ्रान्स आणि जर्मनीचा सामायिक रणगाडा त्याच २०१७ सालापासून कागदावर आहे. ‘पोलंडने युरोपशी प्रतारणा केली’ म्हणणाऱ्यांनी वॉर्सॉहून नकाशा बघावा. प्रतारणेचा विषय निघालाच तर जर्मनीकडेही बोट दाखवा. त्याने शंभर अब्ज युरोंचा खास निधी काढला आणि त्यातून ३५ अमेरिकन एफ-३५ विमानं मागवली. हवाई संरक्षणाची ‘युरोपीय’ ढाल उभारली, तिच्यात अमेरिकेचं पेट्रियट आणि इस्रायलचं अ‍ॅरो-३ बसवलं. स्वतःचं, इटलीसोबत केलेलं क्षेपणास्त्र बाहेर राहिलं म्हणून फ्रान्स रुसला. फ्रान्स ‘युरोपीय घ्या’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ काय, हे बाकीच्या सव्वीस देशांना न विचारता कळतं.

पैशाचं थोडक्यात. २०२५च्या मार्चमध्ये आयोगाने ८०० अब्ज युरोंची योजना आणली, ‘रीआर्म युरोप’. आकडा ऐकून दचकू नका: ६५० अब्ज तुमचेच आहेत, तुम्ही तुटीची मर्यादा ओलांडून खर्च केलेत तर आयोग रागावणार नाही, एवढीच त्याची देणगी. उरलेले १५० अब्ज म्हणजे कर्ज. इटली आणि स्पेनला नावात शस्त्र नको होतं, म्हणून ते बदलून ‘रेडिनेस २०३०’ झालं. पहिलं यश असं तातडीने पदरात पडलं. कर्जाची योजना २७ मे २०२५ रोजी मंजूर झाली, १९५२च्या त्या सह्यांनंतर बरोबर ७३ वर्षांनी. मुहूर्त काढणारा कोणी जुना माणूस असावा. अट अशी की मालातले किमान ६५ टक्के घटक संघातले किंवा मान्य भागीदारांचे हवेत. ब्रिटनला आणखी आत यायचं होतं, पण प्रवेशाच्या रकमेवरून नोव्हेंबरमध्ये बोलणी फिसकटली. ज्याच्याकडे युरोफायटरचं सदतीस टक्के काम आहे, त्याला आता ३५ टक्क्यांच्या फटीतून आत यावं लागणार.

या ६५ टक्क्यांवर पत्रकार तुम्हाला छळतील, तेव्हा एक तयारी ठेवा. तोफगोळा उडवायला जी दारू लागते ती नायट्रोसेल्युलोजची, आणि नायट्रोसेल्युलोज होतं सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंपासून. विदर्भातल्या जिनिंगवाल्याला हे सांगायला नको. युरोपात हा कच्चा माल मोठ्या प्रमाणावर चीनमधून येतो. तेव्हा तुम्ही कारखान्याच्या उद्घाटनाला फीत कापत असाल, मागे संघाच्या झेंड्यावरचे बारा तारे आणि राष्ट्रध्वज शेजारी शेजारी फडकत असतील, आणि एखादी आगाऊ बातमीदार विचारेल: ‘मंत्रिमहोदय, यातला कापूस कुठला?’ राष्ट्रीय म्हणू नका, युरोपीय तर मुळीच म्हणू नका. हसून कलम ३४६ सांगा आणि चहाकडे वळा.